यंत्राचे आयुष्य कोणी ठरवायचे?

१९९९ साली तैवानमधील एबिट या कंपनीने ‘बीपी-६’ नावाचा एक मदरबोर्ड बाजारात आणला. त्याचे वैशिष्ट्य असे की त्यावर एकाऐवजी दोन प्रोसेसर बसत, आणि तेही इंटेलने स्वस्त घरगुती संगणकांसाठी काढलेले ‘सेलेरॉन’ जातीचे. दोन प्रोसेसरांचा संगणक ही तोवर वर्कस्टेशनची, म्हणजे अभियंते, संशोधक आणि चित्रपटांतील दृश्ये रचणारे कलावंत यांच्या महागड्या यंत्राची मिरास होती. ती या बोर्डाने मोडली. आज पाव शतकाहून अधिक काळ लोटल्यावर देशोदेशीचे हौशी लोक अडगळीतून हे बोर्ड शोधून काढतात, त्यांचे निकामी झालेले भाग बदलतात, त्यांवर अधिक वेगाचे प्रोसेसर चढवतात आणि त्यांना पुन्हा चालते करतात. वरवर पाहता हा रिकामपणचा उद्योग होय. तथापि यंत्र ‘जुने’ होते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न या उद्योगात जितका स्वच्छ दिसतो, तितका तो घसाऱ्याच्या कोष्टकात दिसत नाही.

या बोर्डाच्या जन्माची कथा मुळात किमतींची कथा आहे. ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने दोन प्रोसेसर एकाच वेळी जाहीर केले. ४५० मेगाहर्ट्झ वेगाच्या पेंटियम-२ ची घाऊक किंमत ६६९ डॉलर होती. ३०० मेगाहर्ट्झच्या ‘सेलेरॉन ३००ए’ ची १४९ डॉलर. दोहोंच्या गाभ्याची रचना मूलतः एकच. फरक मुख्यतः जवळच्या स्मृतीचा. पेंटियम-२ ला ५१२ किलोबाइटची, पण निम्म्या वेगाने चालणारी, तर सेलेरॉनला अवघी १२८ किलोबाइटची, परंतु प्रोसेसरच्याच वेगाने धावणारी. सेलेरॉनचा वेग म्हणजे बोर्डाच्या ६६ मेगाहर्ट्झ स्पंदनगतीची साडेचार पट. ही स्पंदनगती १०० वर नेली की तोच सेलेरॉन बहुधा निमूटपणे ४५० मेगाहर्ट्झवर चाले. असे दोन सेलेरॉन २९८ डॉलरना, म्हणजे एका पेंटियमच्या निम्म्याहूनही कमी किमतीत पडत. ग्राहकाच्या हाती हे गणित लागणे विक्रेत्याला परवडणारे नव्हते आणि म्हणूनच सेलेरॉन जोडीने वापरण्यासाठी नाहीत, अशी कंपनीची भूमिका होती.

परंतु हा मज्जाव सिलिकॉनमध्ये कोरलेला नव्हता. आरंभीचे सेलेरॉन एका छोट्या पट्टीवर बसवून येत आणि दुसऱ्या प्रोसेसरशी बोलण्यासाठी लागणारी एक तार त्या पट्टीवर जोडलेलीच नसे. काही खटपट्या लोकांनी पट्टीला बारीक छिद्र पाडून, तार डागून, ही जोडणी घरच्या घरी केली. पुढे प्रोसेसर चौकोनी खोबणीत बसणाऱ्या रूपात आले तेव्हा ती पिन उपलब्धच होती, आणि एबिटने तिचा उपयोग करून घेतला. २००० सालानंतरच्या सेलेरॉनमध्ये ही वाट आतूनच बंद करण्यात आली. जी क्षमता आधी फुकट राहून गेली होती, ती काढून घेण्यासाठी मुद्दाम श्रम करण्यात आले, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ज्यूल द्युप्युई या फ्रेंच अभियंत्याने रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाविषयी हेच दाखवून दिले होते. छप्पर घालण्याचा खर्च वाचावा म्हणून ते डबे उघडे ठेवले जात नव्हते. दुसऱ्या वर्गाचे भाडे देण्याची ऐपत असलेल्याने तिसऱ्या वर्गात बसू नये, यासाठी ते उघडे होते. गरिबाला भिजवायचे ते श्रीमंताला घाबरवण्यासाठी! इंटेलने १९९१ मध्ये काढलेला ‘४८६-एसएक्स’ हा याच जातीचा माल. त्यातील गणिती विभाग बंद करून तो स्वस्त विकला गेला. ज्याला गणिती विभाग हवा असेल त्याने ‘४८७’ नावाची जोड-चिप घ्यावी, अशी सोय होती. प्रत्यक्षात ती जोड-चिप म्हणजे स्वयंपूर्ण ४८६ होता. तो खोबणीत बसला की आधीच्या प्रोसेसरला गप्प करून सारे काम स्वतःच करी. भेदमूल्यनीतीमुळे स्वस्त मालही बाजारात येतो व अनेकांना संगणक परवडतो, हे मान्य केले पाहिजे. मात्र वस्तूची मर्यादा निसर्गाने घातली की विक्रेत्याने, हे विकत घेणाऱ्याला कळत नाही आणि त्यामुळे ती कालबाह्य झाली असे कोणी सांगितले की तो मुकाट्याने मानतो.

आता खऱ्या वार्धक्याकडे वळू. जुन्या बोर्डात सिलिकॉन सहसा मरत नाही. मरतो तो कपॅसिटर. प्रोसेसरच्या खोबणीभोवती उभी असलेली ही नळकांडी विजेचा दाब स्थिर राखतात. त्यांच्या आत ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि द्रवात भिजलेला कागद गुंडाळलेला असतो. उष्णतेने द्रव आटतो, आत वायू साठतो, माथा फुगतो आणि त्यावर मुद्दाम पाडलेल्या खाचांतून तपकिरी द्रव्य बाहेर येते. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते, असा या क्षेत्रातील ढोबळ नियम आहे. १०५ अंश सेल्सियसला २,००० तास टिकणारा कपॅसिटर ५५ अंशांवर ६४,००० तास टिकेल, म्हणजे अहोरात्र चालवल्यास सुमारे सात वर्षे. हा झाला चांगला माल. १९९९ नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रवाचे कपॅसिटर जगभर पसरले आणि ते याहून फार लवकर फुटू लागले. २००५ साली एकट्या डेल कंपनीला त्यापायी ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. काही रुपयांच्या नळकांड्याने हजारो रुपयांचा बोर्ड निकालात निघावा, आणि त्याला ‘संगणक जुना झाला’ असे म्हणावे, हा भाषेचाही गैरवापरच होय.

दुरुस्तीचे काम नाजूक असले तरी गूढ नाही. बोर्डाच्या पोटात तांब्याचे अनेक थर असतात आणि ते डागाची उष्णता झपाट्याने शोषून घेतात. म्हणून हलक्या सोल्डरिंग आयर्नने येथे भागत नाही. आधी जुन्या डागावर थोडे ताजे सोल्डर वितळवावे, मग कपॅसिटर एका पायावर, मग दुसऱ्या पायावर डोलवत हळूच वर घ्यावा. ओढाताण केली तर छिद्राच्या आतील तांब्याचे अस्तर निघून येते आणि बोर्ड कायमचा वाया जातो. सुदैवाने १९९९ चे सोल्डर कथील-शिशाचे, सुमारे १८३ अंशांना वितळणारे आहे. अलीकडचे शिसेविरहित सोल्डर ३० हून अधिक अंश वर जावे लागते. मोकळ्या छिद्रांत नवा कपॅसिटर बसवताना धन-ऋण बाजू तपासावी लागते. ती उलटली तर स्फोट ठरलेला. आजकाल द्रवाऐवजी घन पॉलिमरचे कपॅसिटर वापरतात. त्यांत आटायला काही नसते. सोबत तीन व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी बदलायची आणि प्रोसेसरवरील वाळलेला उष्णतावाहक लेप खरवडून नवा लावायचा.

त्यानंतर बढती. या बोर्डावर फेरफाराशिवाय बसणारा सर्वांत वेगवान सेलेरॉन ५३३ मेगाहर्ट्झचा. तो जोडीनेच आणि दोन्ही सारखे घ्यावे लागतात. स्मृतीच्या तीन खाचा, एकूण मर्यादा ७६८ मेगाबाइट. दाट चिपांचे २५६ मेगाबाइटचे मॉड्यूल लावले तर बोर्डाला त्यातील निम्मीच स्मृती दिसते, म्हणून दोन्ही बाजूंनी मिळून सोळा चिपा असलेलेच शोधावे लागते. विंडोज ९८ ला दुसरा प्रोसेसर दिसतच नाही. विंडोज २००० ला किंवा लिनक्सला दिसतो. पण दिसला म्हणून उपयोग होतोच असे नाही. कार्यक्रमाचे काम दोघांत वाटून देण्याची तजवीज लिहिणाऱ्याने केली नसेल तर दुसरा प्रोसेसर नुसता बसून राहतो. २००५ पासून साध्या संगणकांतही दोन गाभ्यांचे प्रोसेसर आले आणि हाच प्रश्न सर्वांच्या दारी आला. बीपी-६ वाल्यांनी तो सहा वर्षे आधी सोडवायला घेतला होता.

या खटाटोपात पैसे वाचतात असे मात्र कोणी समजू नये. तळहाताएवढा आजचा साधा संगणक काही वॅट विजेवर या दुहेरी यंत्राहून कितीतरी अधिक काम करतो. केवळ विजेचे बिल पाहिले तरी पुनरुज्जीवनाचा हिशेब तोट्याचाच निघेल. पण बाजूने-विरुद्ध हिशेब करायचा तर दुसरे पानही उलटले पाहिजे. आपल्या आयकर नियमांत संगणकावरील घसाऱ्याचा दर ६० टक्के होता. तो २०१७-१८ या वित्तीय वर्षापासून ४० टक्के झाला. या नव्या दरानेही पाच वर्षांनी संगणकाची वहीतील किंमत मूळ किमतीच्या आठ टक्क्यांहून कमी उरते. वहीत शून्याकडे गेलेले यंत्र प्रत्यक्षात काम करीत असू शकते. बीपी-६ वर जुन्या आयएसए पद्धतीच्या दोन खाचा आहेत. ज्या कारखान्यातील यंत्राचे किंवा प्रयोगशाळेतील उपकरणाचे नियंत्रण-कार्ड त्याच खाचेत बसते, त्याला असा बोर्ड बंद पडणे म्हणजे धडधाकट यंत्र भंगारात काढणे. तेथे एका कपॅसिटरच्या दुरुस्तीचे मोल संगणकाच्या किमतीवरून ठरत नाही.

आणि ही दुरुस्ती शक्य होते ती कशावर? एबिटने २००८ अखेर मदरबोर्डांचा धंदा बंद केला. बोर्डाची माहितीपुस्तिका, त्याच्या अंगभूत आज्ञावलीच्या आवृत्त्या, कोणत्या जागी कोणत्या क्षमतेचा कपॅसिटर बसतो याच्या याद्या हे सारे आज उपलब्ध आहे, ते वापरणाऱ्यांनी स्वतःहून जपून ठेवले म्हणून. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचा गुणांक छापणे सक्तीचे केले. त्यात कागदपत्रांची उपलब्धता आणि सुट्या भागांच्या किमती धरल्या जातात. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. ही पावले स्वागतार्ह असली तरी त्यांत गृहीत असे आहे की कंपनी जिवंत आहे आणि उत्तर देईल. गाशा गुंडाळलेल्या कंपनीच्या मालाचे काय, याचे उत्तर त्यांत नाही. १९५४ च्या कायद्यानुसार आपल्याकडे प्रत्येक प्रकाशकाला पुस्तकाची प्रत कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथील ग्रंथालयांत जमा करावी लागते. प्रकाशक बुडाला तरी पुस्तक उरते. येथे विकल्या जाणाऱ्या यंत्रांच्या मंडलाकृती आणि सुट्या भागांच्या याद्या याच रीतीने जमा करून घ्याव्यात, आणि उत्पादकाने माल काढणे थांबवल्यावर त्या दुरुस्ती करणाऱ्यांना खुल्या व्हाव्यात. व्यापारी गुपिताचा आक्षेप येईल. पण ज्या मालाची विक्रीच थांबली आहे त्याचे गुपित किती काळ राखायचे, याची मुदत कायद्याने ठरवता येण्याजोगी आहे. पेटंटची मुदत आपण २० वर्षे ठरवलेलीच आहे.