थंडपणाचे फळ

दिवाळीच्या अंकात, आणि तेही मराठीच्या प्राध्यापकाने, मद्याविषयी लिहावे हे काही वाचकांना रुचणार नाही. आमच्या घरात तर चहा हेच सर्वांत कडक पेय! पण एका जुन्या विद्यार्थ्याचे माझ्याकडे काही देणे राहिले आहे. म्हणून हा विषय.

तो नाशिककडच्या द्राक्षबागाईतदाराचा मुलगा. प्रश्न विचारला की बराच वेळ खाली पाहत उभा राही. एकदा चिडून मी भर वर्गात म्हणालो, "तू म्हणजे अगदीच थंड! तुझ्या हातून काय होणार?" वर्ग हसला. पुढल्या वर्षी तो शेतकी कॉलेजात निघून गेला.

गेल्या एप्रिलात मी न्यूझीलंडला, वेलिंग्टनमध्ये बहिणीकडे होतो. तिथे त्याचा फोन आला. "सर, सामुद्रधुनी ओलांडली की मी आहेच. तोडणी संपायच्या आत या."

साडेतीन तास बोट, पुढे मोटार, आणि मग अवातेरे खोरे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला महासागर, मधे द्राक्षवेलींच्या रांगा. या मार्लबरो प्रांतात आजची द्राक्षशेती सुरू झाली ती १९७३ साली. त्याआधी इथे मुख्यतः मेंढ्या चरत. आज इथली 'सोव्हिन्यों ब्लां' ही पांढरी वाइन जगभर जाते.

"आपल्याकडे ऑक्टोबरात छाटणी," तो सांगू लागला, "आणि फळ पिकतं ते ऊन चढत असताना. साखर भराभर वाढते, आंबटपणा तितक्याच भराभर उतरतो. इथं पिकण्याच्या वेळी हिवाळा जवळ येत असतो. दिवसा लख्ख ऊन, रात्री गारठा. फळ सावकाश पिकतं. साखर भरते, तरी आंबटपणा टिकतो."

पण हीच थंडी वैरीही होते. वसंतात हिम पडले तर एका रात्रीत कोवळे कोंभ जळतात. मग पहाटे हेलिकॉप्टरे वेलींवर घिरट्या घालून वरची ऊबदार हवा खाली लोटतात! तोडणीही यंत्राने, बरीचशी रात्रीच. कारण फळ गार राहिले पाहिजे. पुढे रस पोलादी टाक्यांत थंड ठेवूनच आंबवायचा, म्हणजे वास उडत नाही.

त्याने पेला पुढे केला. रंग जवळजवळ पाण्याचा. नाकाशी नेला तर नुकत्याच कापलेल्या गवताचा वास. भीत भीत एक घोट घेतला आणि जीभ शहारली. थेट रायआवळा!

"गोडी कुठे गेली रे?"

"साखरेचं मद्य झालं, सर. आंबटपणा तेवढा राहिला." मग हसून म्हणाला, "तुमचं ते वाक्य मी विसरलो नाही हं. इथं थंडपणाचेच पैसे मिळतात!"

मीही हसलो. परतीच्या बोटीत मात्र आठवू लागलो, त्या दिवशी वर्ग हसला तेव्हा याचा चेहरा कसा झाला होता? काही केल्या आठवेना. मी तो पाहिलाच नव्हता.