खंडशः पदभ्रमण

खंडशः पदभ्रमण : शेकडो वा हजारो किलोमीटर लांबीचा पर्वतीय पदमार्ग एकाच प्रवासात न चालता त्याचे सोयीस्कर खंड पाडून ते निरनिराळ्या वेळी चालण्याची पद्धती. एका खंडाला एक दिवस लागतो, तसेच एखादा आठवडाही लागू शकतो. सर्व खंड पुरे होण्यास काही वर्षे व पुष्कळदा काही दशके लागतात. याउलट संपूर्ण मार्ग एका वर्षात चालणे यास सलग पदभ्रमण म्हणतात. नोकरी, कुटुंब व वय यांमुळे ज्यांना सलग पाच-सहा महिने काढता येत नाहीत, त्यांना दीर्घ पदमार्ग खुला होतो तो मुख्यतः या पद्धतीने.

उ. अमेरिकेतील ॲपालॅचिअन पदमार्ग हे या पद्धतीचे प्रमुख क्षेत्र आहे. हा मार्ग जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर डोंगरापासून मेन राज्यातील कटाडिन शिखरापर्यंत चौदा राज्यांतून जातो. त्याची लांबी सु. ३,५३० किमी. असून दुरुस्त्या व वळणांतील फेरफार यांमुळे ती दरवर्षी थोडीफार बदलते. बेंटन मकाय यांनी १९२१ मध्ये या मार्गाची कल्पना मांडली. १९२५ मध्ये त्यासाठी संस्था स्थापन झाली व १९३७ मध्ये मार्ग पूर्ण झाला. १९६८ च्या कायद्याने त्यास राष्ट्रीय पदमार्गाचा दर्जा मिळाला. मार्गाच्या उभारणीचे नेतृत्व करणारे मायरन ॲव्हरी हे तो संपूर्ण चालणारे पहिले गृहस्थ होत. मापनचक्र ढकलीत, अंतरे नोंदवीत त्यांनी १९३६ पर्यंत त्याचे सर्व खंड पुरे केले. सलग पदभ्रमणाची पहिली नोंद अर्ल शॅफर यांच्या नावे १९४८ मधील आहे, म्हणजे ती खंडशः पदभ्रमणानंतरची आहे. १९५५ मध्ये वयाच्या ६७ व्या वर्षी हा मार्ग एकटीने सलग चालणाऱ्या एमा गेटवुड या महिलेनेही आपली तिसरी फेरी खंडशः पुरी केली. मार्गाची देखभाल करणारी संस्था दोन्ही पद्धतींनी मार्ग पुरा करणाऱ्यांना सारखीच मान्यता देते.

मार्गाची आखणी : झाडांवर व खडकांवर रंगविलेले सु. ५ सेंमी. रुंद व १५ सेंमी. उंच पांढरे पट्टे ही या मार्गाची खूण होय. एकावर एक असे दोन पट्टे दिसल्यास पुढे वळण आहे, असे समजावे. फाटे व पाण्याकडे जाणाऱ्या वाटा निळ्या पट्ट्यांनी दाखविलेल्या असतात. वृक्षरेषेच्या वर झाडे नसल्यामुळे ठरावीक अंतरावर रचलेले दगडांचे ढीग वाट दाखवितात. दाट धुक्यात एका ढिगापासून पुढचा ढीग दिसेनासा होतो व अशा वेळी पुढे जाणे धोक्याचे ठरते.

उंच भागातील एक दिवस : न्यू हँपशर राज्यातील व्हाइट पर्वतात या मार्गाचा सर्वांत लांब उघडा भाग आहे. तेथे प्रेसिडेन्शियल रांगेच्या माथ्यावरून तो सु. २० किमी. अंतर वृक्षरेषेच्या वरून जातो. क्रॉफर्ड खिंड ते पिंकम खिंड हा सु. ४२ किमी. चा खंड असून तो बहुधा तीन दिवसांत चालला जातो. त्यातील मिझपा निवारा (उंची सु. १,१६० मी.) ते लेक्स ऑफ द क्लाउड्स निवारा (उंची सु. १,५३० मी.) हा ७·७ किमी. चा टप्पा एका दिवसाच्या पदभ्रमणाचे चांगले उदाहरण आहे.

निवाऱ्यापासून वाट खुरटत गेलेल्या फर व स्प्रूस वृक्षांतून पीअर्स शिखराकडे (१,३१४ मी.) चढते आणि शिखराजवळ उघड्यावर येते. तेथून क्रॉफर्ड वाट लागते. १८१९ मध्ये एबल क्रॉफर्ड व त्याचा मुलगा ईथन ॲलन क्रॉफर्ड यांनी पाडलेली ही वाट अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अखंड वापरात असलेल्या पर्वतीय पायवाटांपैकी सर्वांत जुनी मानली जाते. ती आयझेनहॉवर, फ्रँक्लिन व मन्रो या शिखरांच्या अंगाने, वाऱ्याच्या पूर्ण माऱ्यात, पुढे जाते. मन्रो शिखराजवळील खडकाळ जमिनीत रॉबिन्स पोटेंटिला ही अत्यंत दुर्मिळ वनस्पती उगवते. पादचाऱ्यांच्या पायांखाली ती नष्ट होत होती. १९८० मध्ये तिला संकटग्रस्त म्हणून संरक्षण मिळाले व १९८३ मध्ये वाटच बाजूला हलविण्यात आली. त्यानंतर तिची संख्या वाढून २००२ मध्ये तिला त्या यादीतून वगळण्यात आले. वृक्षरेषेच्या वर वाट सोडून चालू नये, या नियमामागील कारण यावरून स्पष्ट होते.

वेळेचा अंदाज : स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला नियम आजही वापरतात. त्यानुसार दर ५ किमी. अंतरास एक तास व दर ६०० मी. चढास आणखी एक तास धरावा. वरील टप्प्यातील केवळ उंचीचा फरक घेतला, तरी सव्वादोन तास येतात. मधले चढउतार, सुटे खडक, पाठीवरील ओझे व विश्रांती यांमुळे प्रत्यक्षात बराच अधिक वेळ लागतो. दुपारी गडगडाटी वादळे होण्याचा संभव असल्याने सकाळी लवकर निघावे.

हवामान व धोके : येथील उंची हिमालयाच्या मानाने फार कमी आहे. विरळ हवेचा त्रास येथे होत नाही. धोका असतो तो थंडी, ओल व वारा यांच्या संयोगाचा. दर १,००० मी. उंचीस तापमान सरासरी ६·५° से. ने घटते. त्यामुळे क्रॉफर्ड खिंडीपेक्षा (सु. ३९० मी.) लेक्स ऑफ द क्लाउड्स येथे ते सु. ७° से. कमी असते. जवळच्या मौंट वॉशिंग्टन शिखरावर (१,९१७ मी.) १२ एप्रिल १९३४ रोजी वाऱ्याचा वेग ताशी ३७२ किमी. नोंदविला गेला. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर ताशी ४०८ किमी. वेग नोंदला जाईपर्यंत तो जागतिक उच्चांक होता. शिखरावर वर्षातील कोणत्याही महिन्यात बर्फ पडू शकते. ओल्या कपड्यांतील मनुष्याचे शरीर वाऱ्यात वेगाने थंड होते व त्याचे तापमान ३५° से. च्या खाली गेल्यावर हातपाय आणि पाठोपाठ विचारशक्तीही मंदावते. संकटात सापडलेल्या माणसाला आपण संकटात आहोत हे उमगत नाही, हे या अवस्थेचे घातक लक्षण होय.

३० जून १९०० रोजी विल्यम कर्टिस व ॲलन ऑर्म्सबी हे दोघे क्रॉफर्ड वाटेने मौंट वॉशिंग्टनकडे निघाले होते. शिखरावर भरणाऱ्या ॲपालॅचिअन मौंटन क्लबच्या सभेस त्यांना जावयाचे होते. कर्टिस हे नावाजलेले व्यायामपटू होते. ऐन उन्हाळ्यात उठलेल्या हिमवादळात दोघेही मृत्यू पावले. कर्टिस यांचा देह आजच्या लेक्स ऑफ द क्लाउड्स निवाऱ्याच्या परिसरात, तर ऑर्म्सबी यांचा शिखराजवळ सापडला. या घटनेनंतर क्लबने १९०१ मध्ये तेथे एक लहानसा आसरा व १९१५ मध्ये सध्याचा निवारा बांधला.

नियोजन व परतीचा निर्णय : निघण्यापूर्वी उंच भागाचा हवामान-अंदाज पाहावा. ऊबदार लोकरी वा कृत्रिम धाग्याचे कपडे, वारा व पाऊस रोखणारे आवरण, नकाशा, होकायंत्र, दिवा व जादा अन्न बरोबर घ्यावे. भिजल्यावर ऊब न देणारे सुती कपडे टाळावे. मार्गाचा आराखडा घरी ठेवावा. उतरण्याच्या वाटा आधीच ठरवाव्या. वरील टप्प्यात आयझेनहॉवर शिखराजवळून एडमंड्स वाट व लेक्स ऑफ द क्लाउड्सपासून ॲमनूसक घळीची वाट पश्चिमेकडे खाली जाते. निष्काळजीपणामुळे करावी लागलेल्या सुटकेचा खर्च न्यू हँपशर राज्य संबंधितांकडून वसूल करू शकते.

खंडशः पदभ्रमणात एक विशिष्ट मोह असतो. रजा ठरलेली असते, दुसऱ्या टोकाला वाहन ठेवलेले असते आणि नकाशावर तेवढाच तुकडा कोरा राहिलेला असतो. लेक्स ऑफ द क्लाउड्सपासून मौंट वॉशिंग्टनचा माथा केवळ २·४ किमी. अंतरावर आहे, परंतु चढ जवळजवळ ३९० मी. असून वाट पूर्णपणे उघडी आहे. वारा वाढला, धुके उतरले वा एखादा सहकारी थरथरू लागला, तर तेथून खाली उतरणे हाच योग्य निर्णय होय. सलग चालणाऱ्यास पुढे शेकडो किलोमीटर गाठावयाचे असतात व ऋतू सरत असतो. खंडशः चालणाऱ्यास तशी निकड नसते. राहिलेला खंड पुढील वर्षी चालता येतो व त्यामुळे त्याच्या मान्यतेत काहीही उणे होत नाही. परत फिरण्याची ही मोकळीक हाच या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ होय.