मान आखूड, म्हणून हसू नका

आमच्या गटातल्या एकीच्या मुलीची मान जन्मापासून आखूड. मागं बघायचं तर पोर अख्खी वळते. आम्ही तिला ताठ्याची म्हणायचो, आता लाज वाटते. एक्स-रेत दिसलं, मानेचे दोन मणके जन्मतःच जुळलेले आहेत.

मानेत 7 मणके. पहिला चुंबळीसारखा गोल, त्यावर डोकं टेकतं. दुसऱ्याला खुंटी असते. जात्याचा वरचा दगड फिरावा तसा पहिला तिच्याभोवती फिरतो, तेव्हा मान हलवून ‘नाही’ म्हणता येतं. कुणाचा पहिला मणका कवटीलाच चिकटलेला असतो, कुणाची खुंटी अपुरी राहते. पुष्कळांना आयुष्यभर कळतही नाही.

पण मेंदूकडून येणारा मज्जारज्जू तिथूनच खाली उतरतो. हातापायाला मुंग्या, हातातून भांडं निसटणं, चालताना तोल जाणं, असं झालं तर डॉक्टरांना दाखवेपर्यंत डोक्यावर हंडा नको आणि मान मोडून घेणं तर नकोच.

ग्रहण पाळलं नाही म्हणून असं झालं, हे त्या आईनं फार ऐकलं. तसं काही नसतं. गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांत मणके सुटे व्हायचे राहतात, एवढंच. अशा मुलांचे कान आणि मूत्रपिंडही तपासावे लागतात. सोमवारी आमच्यातल्या दोघी मायलेकींसोबत जाणार आहेत.