नोकरी गेली? लांबच्या ओळखी आठवा

नोकरी गेल्यावर मी शिरपूर जैनला घरी आलो. जिवलग मित्रांना फोन केले, पण त्यांना माहीत असलेल्या जागा मलाही माहीतच होत्या. असं का होतं?

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये याचं उत्तर दिलं. अमेरिकेत ज्यांना ओळखीतून नोकरी लागली, त्यांच्यापैकी फक्त १७ टक्के लोकांची ओळख नेहमीच्या भेटीतली होती. बाकीच्यांची अधूनमधून किंवा क्वचित भेटणारी! लांबचा माणूस वेगळ्या लोकांत वावरतो, म्हणून त्याच्याकडे नवी बातमी असते.

तेव्हा कॉलेजचे सीनियर, जुने सहकारी यांना लिहा. नुसतं ‘जॉब आहे का?’ नको. काय येतं, काय हवं, कधी रुजू होऊ शकता, हे तीन ओळींत सांगा आणि रेझ्युमे जोडा. समोरच्याला तो मेसेज तसाच पुढे पाठवता आला पाहिजे. चार वर्षं बोलणं नाही? तरी लिहा.