डाव्या हाताची शिकवणी

गेल्या वर्षी इंदूरला आमच्या गणेशोत्सवाच्या ऑर्केस्ट्रात मी ड्रम्सवर होतो. शेवटचं गाणं १५० च्या वेगाचं, म्हणजे मिनिटाला दीडशे मात्रा. दुसऱ्या कडव्यापर्यंत माझा उजवा हात कोपरापर्यंत ताठ झाला आणि टॉमवरून फिरायची वेळ आली तेव्हा डावा मागेच राहिला. गायिकेने वळून पाहिलं. ती नजर अजून आठवते.

घरी आल्यावर आजोबा म्हणाले, "अरे, हेच जरा ठाय लयीत वाजवून दाखव बरं." आजोबांनी अनेक वर्षं भजनाला तबल्याची साथ केलीय. मी मेट्रोनोम ६० वर लावला. मात्रेला चार ठोके, सेकंदालाही चारच. तरी डाव्याचा आवाज दबका येत होता. वेगात हे झाकलं गेलं होतं, इतकंच.

मग स्टेज विसरून प्रॅक्टिस पॅड घेतलं. (शेजाऱ्यांनाही बरं वाटलं.) जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांचं १९३५ चं 'स्टिक कंट्रोल' हे पुस्तक ड्रम शिकणारे आजही वापरतात. त्यात उजव्या-डाव्याच्या नुसत्या जुळण्या आहेत आणि प्रत्येक जुळणी न थांबता वीस वेळा वाजवायची. पहिले चार दिवस भयंकर कंटाळा आला. पाचव्या दिवशी दोन्ही हातांचे ठोके सारखे ऐकू आले, तेव्हा कंटाळा पळाला.

डबल स्ट्रोकने मात्र दमवलं. पहिला ठोका मनगटाचा. दुसऱ्याला स्टिक पॅडवरून आपणच उसळते, बोटांनी ती फक्त सावरायची. मी ती आवळून धरत होतो, म्हणजे तिची उसळीच मारत होतो आणि मग दुसरा ठोका जोर लावून काढत होतो. दीडशेच्या वेगात मात्रेला चार म्हणजे सेकंदाला दहा ठोके. एवढे ठोके जोराने निघतच नाहीत. आता अंगठा आणि तर्जनीत स्टिक हलकी धरतो, बाकीची बोटं मोकळी.

त्यानंतर पॅराडिडल: उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा. यात आघाडीचा हात दर वेळी बदलतो, म्हणून स्नेअरवरून टॉमवर जाताना हात अडकत नाहीत. वेग एका वेळी चारानेच वाढवतो. खांदा वर चढला की आठने खाली. काही संध्याकाळी ९२ वरून सुरुवात करून शेवटी ८८ वरच थांबलोय.

उशीवरही वाजवून बघा. तिथे उसळी मिळतच नाही, सगळं काम मनगटाला करावं लागतं; पण पाच मिनिटंच.

यंदाच्या तालमी सुरू झाल्यात. १५० ला दोन कडवी सैल हातांनी निघतात, तिसऱ्यात डावा अजून कुरकुरतो. आजोबा परवा दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "आता डावा ऐकू येतोय. उद्या परत ६० पासून."