गरोदरपणातील घोरणे आणि स्लीप अ‍ॅप्निया

घोरणं हा आपल्याकडे चेष्टेचा विषय. पण गरोदर बाई नव्यानेच जोरात घोरू लागली, तर ते हसण्यावारी नेऊ नये. त्यामागे 'स्लीप अ‍ॅप्निया', म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा विकार असू शकतो.

झोपेत नेमकं काय होतं?

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. श्वासाची वाट अरुंद होते, कधी पूर्ण बंद होते. श्वास 10 सेकंद किंवा जास्त अडतो. रक्तातला ऑक्सिजन कमी होतो, मेंदू शरीराला अर्धवट जागं करतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. असे अडथळे तासाला 5 किंवा अधिक असले, तर तो विकार मानतात.

गरोदरपणातच का?

वजन वाढतं. हार्मोन्समुळे नाकाचं आतलं अस्तर सुजून नाक चोंदतं. वाढणारं गर्भाशय श्वासपटलाला वर ढकलतं. आधीच वजन किंवा रक्तदाब जास्त असेल तर शक्यता वाढते.

दुर्लक्ष का करू नये?

गरोदरपणातला उच्च रक्तदाब, प्री-एक्लॅम्प्सिया आणि मधुमेह यांच्याशी या विकाराचा संबंध आढळला आहे. अडचण अशी, की दिवसा येणारी झोप, थकवा, सकाळची डोकेदुखी ही लक्षणे "या दिवसांत असं होतंच" म्हणून सोडून दिली जातात.

उपचार कोणते?

1. तपासणी : रात्रभर श्वास, ऑक्सिजन व हृदयाचे ठोके नोंदवतात. ही तपासणी घरीही करता येते.

2. सीपॅप यंत्र : हा मुख्य उपचार. 1981 साली ऑस्ट्रेलियातील कॉलिन सुलिव्हन यांनी तो मांडला. मास्कमधून दाबाने हवा सोडली जाते, त्यामुळे घशाची वाट उघडी राहते. यात औषध नसतं, फक्त हवा असते. म्हणून गरोदरपणात तो सुरक्षित मानतात. वजन वाढेल तसा दाब बदलावा लागू शकतो.

3. सवयी : कुशीवर, शक्यतो डाव्या कुशीवर झोपावे, उशाकडची बाजू थोडी उंच ठेवावी. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. वजन उतरवण्यासाठी उपास-डाएट तर मुळीच नको.

4. प्रसूतीच्या वेळी : सिझेरियन असो वा नसो, भूलतज्ज्ञांना आधीच सांगावे. यंत्र दवाखान्यात सोबत न्यावे. बाळंतपणानंतर पुन्हा तपासणी करावी. कधी त्रास जातो, कधी राहतो.

लक्षात ठेवा : घोरणारी प्रत्येक बाई आजारी नसते. पण जी झोपली आहे, तिला आपला श्वास अडल्याचं कळत नाही. ते शेजारी झोपणाऱ्यालाच दिसतं. म्हणून नवऱ्याने, माहेरी असेल तर आईने, रात्री थोडं लक्ष द्यावं. घोरणं मध्येच थांबून ती दचकून श्वास घेते, असं दिसलं तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना नक्की सांगा.