पेनड्राइव्हचं सोंग घेतलेला संगणक

"दादा, ड्राइव्ह मेला." कॅलिफोर्नियातल्या मावसभावाचा फोन. आमच्याकडे रविवारची सकाळ, त्याच्याकडे शनिवारची रात्र. त्याच्या टेस्लाच्या मागच्या दारावर कुणीतरी हातभर ओरखडा काढला होता आणि नेमकं त्याच सुमाराचं चित्रण घरच्या संगणकावर आलेलं नव्हतं. चौकशी केली तर तीन आठवड्यांपासून एकही चित्रफीत आलेली नव्हती. तोपर्यंत पठ्ठ्याने नवं मेमरी कार्ड घालून झालं होतं, केबल बदलली होती आणि नव्या बोर्डाची ऑर्डरही दिली होती. आजार कळण्याआधी तिन्ही औषधं पोटात!

तो ज्याला 'ड्राइव्ह' म्हणत होता, तो मुळात ड्राइव्ह नाहीच. रास्पबेरी पाय झिरो डब्ल्यू नावाचा तो एका बोर्डावर मावणारा संगणक आहे. लांबी ६५ मिलिमीटर, रुंदी ३०, मेमरी ५१२ मेगाबाइट. २०१७ साली तो १० डॉलरला बाजारात आला. टेस्लाच्या गाड्यांत डॅशकॅमची सोय आली ऑक्टोबर २०१८ मध्ये, आणि उभ्या गाडीवर पहारा ठेवणारा सेंट्री मोड आला २०१९ च्या सुरुवातीला. चित्रण साठतं यूएसबी ड्राइव्हवर. म्हणजे ते पाहायचं तर ड्राइव्ह काढा, घरात न्या, लॅपटॉपला लावा, आणि पुन्हा गाडीत लावायला विसरा. या कटकटीवर हौशी मंडळींनी तोडगा काढला: पाय झिरोला पेनड्राइव्हचं सोंग द्यायचं. गाडीला वाटतं आपण पेनड्राइव्हवर लिहितोय, आणि गाडी घराच्या वाय-फायच्या टप्प्यात आली की हा बहुरूपी आतल्या चित्रफिती आपणहून घरच्या संगणकावर पाठवतो. टेस्लायूएसबी या नावाने ते सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

या जुगाडाबद्दलचे बहुतेक गैरसमज एकाच ठिकाणी जन्मतात. बिघाड झाला की माणूस सोंगालाच खरं धरून बसतो. खरं तर या बोर्डाला दोन तोंडं आहेत: एक गाडीकडे, एक घराकडे. दोन्हींची कामं वेगळी, दुखणीही वेगळी. भावाला मी पहिला प्रश्न हाच विचारला: "गाडीच्या पडद्यावर कॅमेऱ्याच्या चिन्हाजवळ लाल ठिपका दिसतो का?" दिसत होता. म्हणजे गाडी लिहीत होती, ड्राइव्ह जिवंत होता. मेलं होतं ते घराकडचं तोंड.

"दिवा लागलाय, म्हणजे जोडणी बरोबर आहे"

पाय झिरोच्या कडेला अगदी सारखी दिसणारी दोन छोटी यूएसबी तोंडं असतात. टोकाचं फक्त वीज घेतं. मधल्या बाजूचं वीजही घेतं आणि माहितीही देतं-घेतं. केबल चुकून टोकाच्या तोंडात गेली तर बोर्ड सुरू होतो, हिरवा दिवा लुकलुकतो, वाय-फायवर तो दिसूही लागतो. पण गाडीच्या लेखी तिथे काहीच नसतं. मधलं तोंड मात्र यजमान आणि पाहुणा अशा दोन्ही भूमिका करू शकतं, आणि सगळं सोंग त्याच्यावरच उभं आहे. साध्या लॅपटॉपच्या पोर्टला सहसा ही पाहुण्याची भूमिका जमत नाही. म्हणून जुना लॅपटॉप गाडीत ठेवून हेच होईल का, या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे.

दुसरी फसवणूक केबलची. यूएसबी २ च्या केबलमध्ये चार तारा: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. स्वस्तातल्या चार्जिंगच्या केबलींत माहितीच्या तारा गाळलेल्या असतात आणि बाहेरून ते ओळखता येत नाही. माझ्या टेबलाच्या खणात अशा चार केबली आहेत. त्यांना मी लाल चिकटपट्टी लावून ठेवलीय, तरी वर्षातून एकदा फसतोच.

विजेबद्दल

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. या बोर्डाच्या बाबतीत ते विजेचं. यूएसबी २ च्या पोर्टने ५ व्होल्टला अर्धा अँपिअर द्यावा असा ठराव आहे. एरवी पाय झिरोला तो पुरतो, पण वाय-फायवर जोरात पाठवणी चालू असताना लांब आणि बारीक केबलीत व्होल्टेज घसरतं आणि बोर्ड मध्येच नव्याने सुरू होतो. इथे एक समज फार पसरलेला आहे: वीज कमी पडली तर पाय तशी सूचना देतोच. मोठ्या रास्पबेरी पायमध्ये व्होल्टेज सुमारे ४.६३ च्या खाली गेलं की ते ओळखणारी यंत्रणा असते. झिरोच्या घराण्यात ती नाही. त्यामुळे 'नोंदीत काही आलं नाही, म्हणजे वीज ठीक' हा निष्कर्ष झिरोच्या बाबतीत काढता येत नाही. आखूड आणि जाड केबल लावून पाहणे हाच सोपा इलाज.

"वाय-फायवरून आत शिरून मीच फाइल पुसली तर काय बिघडतं?"

बिघडतं. या साऱ्या प्रकरणातला सर्वात महाग गैरसमज हा आहे.

ऑफिसातल्या सामायिक फोल्डरमध्ये दहा जण एकाच वेळी काम करतात, कारण मध्ये एक सर्व्हर बसलेला असतो. 'अमुक फाइल द्या' ही मागणी त्याच्याकडे जाते आणि हिशेब तो ठेवतो. पेनड्राइव्हची भाषा वेगळी. गाडी फाइल मागतच नाही. 'अमुक क्रमांकाच्या रकान्यात हे लिही, तमुक क्रमांकाचा रकाना वाचून दाखव' एवढंच ती बोलते. कोणती फाइल कुठे आहे आणि कुठली जागा रिकामी आहे, हा ताळेबंद गाडी स्वतःच्या डोक्यात ठेवते. बिचाऱ्या पायच्या लेखी ती सगळी जागा म्हणजे कार्डावरची एक भलीमोठी फाइल असते, बस्स.

आता समजा, गाडी लिहीत असताना पायनेही तीच जागा उघडली आणि चार चित्रफिती पुसल्या. गाडीला त्याचा पत्ता नाही. ती आपल्या जुन्या ताळेबंदाप्रमाणे लिहीत राहते. एका खतावणीवर दोन मुनीम, आणि दोघेही आठवणीतून आकडे भरतायत! दिवाळीपर्यंत पेढी बुडणारच. अर्धवट फाइली, शून्य आकाराच्या चित्रफिती, 'ड्राइव्ह फॉरमॅट करा' असा गाडीचा आग्रह ही त्याची लक्षणं. लोक मात्र ठपका कार्डावर ठेवतात आणि नवं कार्ड आणतात. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच.

मग सॉफ्टवेअर हे काम कसं साधतं? सुरुवातीची रीत सरळ होती. घरी पोहोचलं की पेनड्राइव्ह उपटल्याचं नाटक करायचं, गाडीचा संबंध तोडायचा, निवांत पाठवणी करायची, मग परत 'लावायचं'. तेवढा वेळ डॅशकॅम आंधळा. नंतर सुधारणा झाली: कार्डावर एक्सएफएस ही फाइल सिस्टिम वापरून त्या मोठ्या फाइलीची क्षणात छाया घ्यायची. छाया म्हणजे पूर्ण प्रत नव्हे. मूळ फाइलीत जे रकाने बदलतील तेवढ्यांचीच जुनी नोंद वेगळी राहते. पाय ती छाया वाचून पाठवणी करतो आणि गाडीचं लिहिणं चालूच राहतं. पाठवलेल्या चित्रफिती पुसायला मात्र थोडा वेळ संबंध तोडावाच लागतो. घरी पोहोचल्यावर पडद्यावरचं चिन्ह मध्येच नाहीसं होऊन परत येतं, ते यामुळे. तो बिघाड समजून केबल हलवत बसलात तर खरा बिघाड कराल.

छायेला जागा लागते, हे आणखी एक विसरलं जातं. १२८ जीबीच्या कार्डातली सगळी जागा गाडीला देऊन टाकली तर छाया घ्यायची कशावर? गाडीला जेवढी दिली, साधारण तेवढीच मोकळी ठेवावी. (१२८ चं कार्ड संगणकात ११९ दिसतं ते चोरीमुळे नव्हे, कारखाना हजाराने मोजतो आणि संगणक १०२४ ने.)

"कार्ड जितकं वेगवान तितकं चांगलं"

वेगाची गरज आपल्याला वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी आहे. टेस्लाची पुस्तिका सलग लिहिण्याचा वेग सेकंदाला किमान ४ मेगाबाइट आणि ड्राइव्ह किमान ६४ जीबीचा असावा असं सांगते. हिशेब करून बघा: चार कॅमेरे, प्रत्येकाची मिनिटाला एक फाइल, फाइल साधारण ३० मेगाबाइटची. मिनिटाला १२०, म्हणजे सेकंदाला २. 'क्लास १०' छापलेलं कुठलंही अस्सल कार्ड सेकंदाला १० ची हमी देतं. तेव्हा वेगासाठी दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही.

पैसे मोजायचे ते टिकाऊपणासाठी. फ्लॅश मेमरीचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळा पुसून लिहिता येतो, मग झिजतो. वरच्या हिशेबाने तासाला सात जीबी. रोज दोन तास गाडी चालली तर गाडीला दिलेली ६४ जीबीची जागा चार-पाच दिवसांत एकदा पूर्ण लिहून होते. हौसेने फोटो काढणाऱ्याचं कार्ड सहसा एवढं राबत नाही. म्हणून 'हाय एन्ड्युरन्स' छापलेली, डॅशकॅम आणि पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांसाठीची कार्डं घ्यावीत. 'अस्सल' हा शब्द वर मुद्दाम लिहिला. बाजारात २५६ छापलेलं आणि आत १६ असलेलं कार्ड सर्रास मिळतं. ते सुरुवातीला गुणी बाळासारखं वागतं आणि भरत आलं की जुन्यावरच लिहू लागतं. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ यांसारखी फुकट साधनं कार्ड पूर्ण भरून वाचून पाहतात. रात्रभर लागते, पण नवं कार्ड त्यांतून गेल्याशिवाय गाडीत घालू नये.

फॉरमॅटचा घोळ थोडक्यात: विंडोजच्या सवयीने एनटीएफएस केलं तर गाडी ते ओळखत नाही, एक्सएफॅट चालतं. साधा पेनड्राइव्ह हाताने तयार करत असाल तर टेस्लाकॅम हे फोल्डर सगळ्यात वरच्या पातळीवर हवं आणि त्यातली इंग्रजी टी आणि सी ही अक्षरं कॅपिटलच हवीत.

घराकडचं तोंड

गाडी घरी आली की सगळं चुटकीसरशी उतरतं, अशी समजूत असते. झिरोची वाय-फाय साधी, अँटेना बोर्डावरच कोरलेली, आणि बोर्ड पत्र्याच्या गाडीत, बंद कप्प्यात. गॅरेजमध्ये सेकंदाला ३ मेगाबाइट मिळाले तरी नशीब म्हणायचं. तासाभराच्या चित्रणाला त्या वेगाने ४० मिनिटं लागतात. तेवढा वेळ गाडी जागी राहायला हवी! गाडी झोपली की यूएसबीची वीज जाते आणि पाठवणी अर्ध्यावर तुटते. 'रोज थोड्याच चित्रफिती येतात' या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. पाठवणी होईपर्यंत सेंट्री मोड चालू ठेवणं हा साधा उपाय. तो आपोआप लावून घेण्याची सोयही सॉफ्टवेअरमध्ये आहे.

नोंदवहीतल्या तारखा पाहून घाबरू नये. झिरोवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वाय-फाय मिळून खरी वेळ कळेपर्यंत तो शेवटच्या आठवणीतली तारीख लिहितो. चित्रफितींच्या नावातली वेळ मात्र गाडीची असते, तिच्यावर विश्वास ठेवावा.

उन्हाची गोष्टही सांगायला हवी, कारण जुलै २०२५ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचं दालन उघडल्यापासून इकडचेही लोक हा बेत विचारू लागले आहेत. झिरोच्या पुढच्या पिढीला, झिरो २ डब्ल्यूला, ७० अंशांपर्यंत चालण्याची मुभा दिलेली आहे. नागपूरच्या मे महिन्यात काचेखाली ठेवलेलं काहीही ती हद्द गाठू शकतं. बोर्ड कप्प्यातच ठेवा. आणि ज्यांच्या गाडीत वेगळा विकत घेतलेला डॅशकॅम आहे, त्यांना या बहुरूप्याचा उपयोग नाही. ते कॅमेरे सहसा स्वतःच्या खाचेतल्या कार्डावर लिहितात, यूएसबी ड्राइव्ह मागतच नाहीत.

आता भावाकडे. मी त्याला बोर्ड गाडीतून काढून त्याच केबलने लॅपटॉपला लावायला सांगितलं. ड्राइव्ह दिसला. गाडीकडचं तोंड ठीक असल्याची ती पावती. मग विचारलं, "तीन आठवड्यांपूर्वी घरात काय बदललं?" थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "राउटर." नवा राउटर घेतल्यावर त्याने जुनंच नाव आणि पासवर्ड ठेवला होता, त्यामुळे घरातले सगळे फोन गपचूप जोडले गेले. पण ते नाव त्याने फक्त ५ गिगाहर्ट्झवर सुरू केलं होतं. झिरो डब्ल्यूला २.४ शिवाय दुसरं ऐकूच येत नाही. बोर्ड रोज रात्री गॅरेजमध्ये बसून घराला हाका मारत होता.

जुनं कार्ड? ते त्याने पुसलं नव्हतं, खणात टाकून ठेवलं होतं. राउटरवर २.४ सुरू केलं, जुनं कार्ड परत बसवलं. सकाळपर्यंत तीन आठवडे घरी उतरले. ओरखड्याची चित्रफीतही सापडली: दुकानाच्या उतारावरच्या पार्किंगमध्ये एक रिकामी सामानाची ट्रॉली एकटीच घरंगळत येते, दाराला घासते आणि पुढे निघून जाते. आसपास एकही माणूस नाही.